तिसऱ्या मजल्यावरचं उभं पाणी

ती घटना आजही आठवते, आणि सगळ्यात आधी आठवतो तो वास. गंजलेलं लोखंड ओल्या फडक्यात गुंडाळून उन्हात ठेवलं तर येईल, तसा. तो मी एकदाच घेतला, चेन्नईत अड्यारमधल्या एका गेस्ट हाउसच्या तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी. तेव्हापासून कुठल्याही परक्या बाथरूममध्ये शिरण्याआधी मी दारात थांबून वास घेतो. बायको म्हणते, "पोलिसाची सवय." इतकी वर्षं मी तिला तसंच समजू दिलं.

मी तंजावरकडच्या मराठी घरातला. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तमिळ मुलखात. घरात बोलतो ती मराठी जुनी, तमिळ वळणाची. लिहायची मराठी लग्नानंतर बायकोकडून शिकलो, ती कोल्हापूरची. सव्वीस वर्षं पोलिसात काढली, शेवटची सहा दक्षिण चेन्नईतल्या एका ठाण्याचा निरीक्षक म्हणून. मग मुदतीआधीच नोकरी सोडली. कोणी कारण विचारलं तर पाठदुखी सांगतो. खरं कारण या लेखात आहे. नावं कोणाचीच देत नाही.

गेस्ट हाउस तीन मजली होतं. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत नवे लागलेले इंजिनियर, ऑडिटला आलेली माणसं, फिरते विक्रेते तिथे आठ-पंधरा दिवस राहत. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबे आणि इमारत रिकामी होई. तिसरा मजला मागाहून चढवलेला. जिन्यावर एक दार, दारातून आत गेलं की बोळ, बोळाला चार खोल्या, आणि बोळाच्या शेवटी गच्चीवर जाणारा लोखंडी जिना. गच्चीवर त्या मजल्यापुरती पाण्याची वेगळी टाकी, काळ्या प्लास्टिकची. ही मांडणी वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ठेवली नव्हती.

मार्चच्या सुरुवातीला त्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत एक फिरता विक्रेता मेलेला सापडला. टेबलावर अर्धा प्यालेला ग्लास होता. विषाची शंका आली. वरून हुकूम आला, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत सगळा मजला सील करा. रीतीप्रमाणे चार खोल्यांना चार सीलं हवीत. प्रत्येक दाराला कापड, लाख, मोहोर, कागदाची पट्टी, पट्टीवर दोन साक्षीदारांच्या सह्या. महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला आमच्याकडे अजून महजर म्हणतात. तोही खोलीगणिक वेगळा लिहायचा. ऊन चढलं होतं. मी म्हणालो, "जिन्यावरचं दार लावून घ्या. एक दार, एक सील."

आमचा हेड कॉन्स्टेबल ठाण्याचा रायटर होता, म्हणजे लिखापढी सगळी त्याच्या हातात. हेड कॉन्स्टेबलला आम्ही एट्टय्या म्हणतो. तो लाख वितळवत म्हणाला, "सार, आत गच्चीचा जिना आहे."

"मग? गच्चीवर कोणाचं लग्न आहे?"

एट्टय्या हसला. मीही हसलो. त्याने मोहोर दाबली. मजल्याची वीज बंद केली आणि आम्ही जेवायला गेलो.

पंधरा दिवसांनी वॉचमन ठाण्यात आला. सैन्यातून निवृत्त झालेला, उगाच घाबरणारा नव्हे. म्हणाला, "अय्या, वर कोणीतरी आंघोळ करतंय."

"सील तुटलंय?"

"नाही. सील जागच्या जागी आहे. दुपारी सगळे कामावर जातात, पंखे बंद होतात, तेव्हा ऐकू येतं. थांबत थांबत. अंगावर पाणी घेतल्यासारखं."

मी जाऊन आलो. दुपारचे दोन वाजले असतील. बंद दाराला कान लावला. आधी काहीच नाही. मग खरंच, आत लांबवर, फरशीवर पाणी पडल्याचा आवाज. थोडा वेळ शांत. परत. दार उन्हाने तापलं होतं आणि माझा कान भाजत होता, तरी मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. गळका नळ असणार, हे मला कळत होतं. तरी खाली येताना मी जिना जरा भरभर उतरलो.

त्याच आठवड्यात अण्णाच्ची पहिल्यांदा आला. तिरुनेलवेलीकडून येऊन चेन्नईत धंदा करणाऱ्या माणसाला इथे सगळे अण्णाच्ची म्हणतात. हा प्लंबर होता, पन्नाशीचा, बारीक, खिशाला कायम टेस्टर लावलेला. त्या गेस्ट हाउसच्या पाण्याचं सगळं काम तोच बघायचा. दर महिन्याला टाकी उपसायची, घासायची, ब्लीचिंग पावडर टाकायची, हा त्याचा नेम.

"सार, मला गच्चीवर सोडा. टाकीत पाणी उभं आहे. एक शॉवरही गळतोय, म्हणजे पाणी पाइपातपण भरलेलं आहे. उन्हाळ्यात असं ठेवू नये."

"राहू दे की. कोण पितंय?"

"पिण्याचं नाही सार. असं पाणी खराब होतं. माझा गुरू म्हणायचा, उभ्या पाण्याची पहिली धार कोणाच्या तोंडावर येऊ द्यायची नाही."

"सील म्हणजे सील, अण्णाच्ची. तुझ्या टाकीसाठी कोर्टाला काय सांगू?"

दुसऱ्यांदा आला तेव्हा मी बंदोबस्तात होतो. तिसऱ्यांदा तो लिहून घेऊन आला. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडून तमिळमध्ये टाइप केलेला अर्धा कागद. तिसऱ्या मजल्याच्या टाकीत पाणी साठून आहे, पोलिसाला सोबत देऊन मला एकदा वर जाऊ द्यावं, टाकी रिकामी करून परत येतो, काही हात लावणार नाही. खाली सही, मोठ्या अक्षरात, एकेक अक्षर सुटं.

एट्टय्याने विचारलं, "नोंदवून पावती देऊ?"

नोंदवलं तर उत्तर द्यावं लागतं. सोबत एक शिपाई, सील काढायचं, परत लावायचं, दोन महजर. मी म्हणालो, "ठेव इथे, बघतो." कागद माझ्या ड्रॉवरमध्ये गेला. अण्णाच्ची नमस्कार करून गेला. त्याला वाटलं, काम झालं.

अहवाल यायला दहा आठवडे लागले. मृत्यू नैसर्गिक, हृदयविकार. मे महिन्याचा मध्य, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक दिवस, आमच्याकडे ज्यांना अग्निनक्षत्र म्हणतात ते. सील काढायला मी स्वतः गेलो. बरोबर मालक, एट्टय्या, आणि साक्षीदार म्हणून हाताशी होता तो अण्णाच्ची.

दार उघडलं आणि तो वास आला. बोळात हवा अशी होती की कोणीतरी नुकताच तोंडावर श्वास सोडला आहे. शेवटच्या खोलीत गेलो. बाथरूममध्ये शॉवर गळत होता. त्याखाली फरशीवर विटकरी रंगाचा ओघळ, बुळबुळीत. विक्रेत्याचा साबण तिथेच, धारेखाली, झिजून पातळ पापुद्रा झालेला. दहा आठवडे कोणीतरी तो रोज वापरत होतं असं वाटावं. एट्टय्याने देवाचं नाव घेतलं.

हाताला लाख लागली होती म्हणून मी बेसिनचा नळ सोडला. नळ आधी खोकला, मग पाणी आलं. चहाच्या रंगाचं. आणि कोमट, माणसाच्या अंगाइतकं. मी हात धुतले, रुमालाला पुसले.

अण्णाच्ची मागेच उभा होता. "मालक, आज कोणाला देऊ नका. मला अर्धा दिवस द्या. टाकी उपसतो, सगळे नळ सोडून ठेवतो, शॉवरच्या जाळ्या काढून औषधात टाकतो."

मालक घड्याळाकडे बघत म्हणाला, "संध्याकाळी सहाला कंपनीची दोन माणसं येतायत. तोवर कर की. तुला कोणी धरलंय?"

मीच धरलं होतं. साक्षीदाराच्या सह्या ठाण्यात व्हायच्या होत्या. मी अण्णाच्चीला जीपमध्ये घातलं, ठाण्याच्या बाकावर बसवलं आणि एका मोर्च्याचा फोन आला म्हणून निघून गेलो. तो चार तास तिथे बसला. एट्टय्या सांगत होता की मधे दोनदा उठून म्हणाला, "मी जाऊन येऊ का? नळ सोडायचे आहेत." एट्टय्याने त्याला बसवलं, कारण मी परत आल्याशिवाय महजर पुरा होत नव्हता. मी साडेसहाला आलो. अण्णाच्चीने सह्या केल्या आणि पळतच गेला. तोपर्यंत वरच्या शेवटच्या खोलीत नवा पाहुणा आला होता आणि प्रवासाची आंघोळ करून बाहेर पडला होता.

तो मिरजेकडचा मुलगा. एकतीस वर्षांचा, मोटारीच्या कारखान्यात क्वालिटीला लागलेला, लहानपणापासून दम्याचा. अण्णाच्चीने दुसऱ्या दिवशी टाकी धुतली, जाळ्या काढल्या, पण पहिली धार जायची ती गेली होती. सहाव्या दिवशी मुलाला ताप चढला. अकराव्या दिवशी तो गेला. शेजारच्या खोलीत ऑडिटसाठी आलेली एक बाई होती. ती बरेच दिवस हॉस्पिटलात राहून वाचली.

एकाच मजल्यावर, एकाच खोलीत उतरलेल्या दोघांचे मृत्यू. वॉचमन तिसऱ्या मजल्यावर जायला तयार होईना. मालकाने दारावर तोंड रंगवलेला भोपळा टांगला, दृष्ट लागू नये म्हणून. खालच्या मजल्यावरचे पाहुणे सांगू लागले की भिंतीतून पाणी वाहिल्यासारखं ऐकू येतं आणि ते वरून खाली येतंय. चार दिवसांत निम्मी इमारत रिकामी झाली.

मुलाचे वडील आले. आयटीआयमध्ये फिटर शिकवून निवृत्त झालेले. त्यांना मराठीशिवाय काही येत नव्हतं, म्हणून वरिष्ठांनी तपास माझ्याकडे दिला. मी म्हणालो, "बैसा. पाणी घ्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. "बैसा? साहेब, आमचे आजोबा असं बोलायचे." मग ग्लास उचलला नाही, नुसता बाजूला सरकवला. "इथलं पाणी नको."

त्यांची फिर्याद विषाची होती. मुलगा ठणठणीत गेला आणि अकरा दिवसांत संपला, कोणीतरी काहीतरी घातलं. "गावात लोक म्हणतात, दारू पीत असेल. तो पीत नव्हता साहेब. मला एवढंच पाहिजे, तो कशाने गेला आणि कोणाच्या चुकीने, ते सरकारी कागदावर पाहिजे."

मग त्यांनी फोन काढला आणि मुलाचा शेवटचा निरोप ऐकवला. आल्या संध्याकाळी त्याने तो बाथरूममधूनच बोलून पाठवला होता.

"बाबा, पोचलो. खोली मोठी आहे. पाण्याला प्रेशर जबरदस्त, आपल्यासारखं नाही. जरा वास येतोय, पण कोमट आहे, बरं वाटतंय. वाफेसारखे तुषार उडतायत नुसते. जेवून फोन करतो."

त्याच्या आवाजामागे शॉवरचा आवाज होता. निरोप संपल्यावरही दोन-तीन सेकंद तोच आवाज चालू राहिला. वडिलांनी तो परत लावला. मी म्हणालो, "पुरे." त्यांना वाटलं मला वाईट वाटलं. वाईट वाटलंच होतं, पण त्याआधी मला ते चहाच्या रंगाचं पाणी आठवलं होतं.

खबर मिळाली ती त्या मुलावर उपचार केलेल्या डॉक्टर बाईंकडून. त्यांनी ठाण्यात फोन केला.

"इन्स्पेक्टर, तुम्ही कँटीनचे नमुने घेताय असं ऐकलं. जेवण शोधू नका. शॉवर शोधा."

"शॉवर?"

"लघवीच्या तपासणीत लीजनेअर्स नावाच्या न्यूमोनियाचा जंतू निघालाय, त्या बाईंच्याही. हा एका माणसाचा दुसऱ्याला लागत नाही. पाण्यात वाढतो. कोमट, साचलेल्या पाण्यात. प्यायल्याने सहसा काही होत नाही. शॉवरमधून बारीक तुषार उडतात, ते श्वासातून छातीत जातात. ती खोली बरेच दिवस बंद होती का?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

सरकारी प्रयोगशाळेची माणसं आली. शॉवरच्या नळीत आतून शेवाळासारखा थर होता, जाळ्या धुतल्या तरी तो राहिला होता. जंतू जुळला. विषाचं कलम गळालं आणि निष्काळजीपणामुळे मृत्यूचं लागलं. मालकाने लगेच करारपत्र आणून दिलं. पाण्याच्या टाक्या, पाइप, साफसफाई, सगळी जबाबदारी अण्णाच्चीची. म्हणाला, "सार, मी प्लंबर नाही. मी माणूस नेमला होता. तो चुकला."

अण्णाच्चीला बोलावलं. मी त्याला खुर्ची दिली. माझं जुनं निरीक्षण आहे, चौकशीत माणसाला उभं ठेवलं तर तो सावध राहतो, खुर्ची दिली की खचतो.

"टाकी शेवटची कधी धुतलीस?"

"फेब्रुवारीत."

"मग मार्च, एप्रिल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला प्रश्न कळला नव्हता असं नाही. मी तो का विचारतोय, ते त्याला कळत नव्हतं.

"सार, तुम्हाला माहीत आहे."

"मला जबाबात पाहिजे. धुतलीस की नाही?"

"नाही."

"जे काम तुझं होतं ते राहिलं?"

"राहिलं, सार. पण मी आलो होतो ना. तीनदा आलो. कागदपण दिला. त्या दिवशी बाकावर..."

एट्टय्याचं लिहिणं थांबलं. खोलीत पंखा चालू होता आणि मला त्या आवाजात पाणी ऐकू येत होतं. एट्टय्या माझ्याकडे बघत नव्हता, पेनाच्या टोकाकडे बघत होता. वरिष्ठांकडून सील का, कसं, कोणाच्या सांगण्यावरून, हे विचारलं जाणार होतं. गुन्ह्याचा तपास करताना ज्या क्षणी धागा हाती लागतो, त्याला लोक मोठा आनंदाचा क्षण समजतात. मला धागा सापडला होता आणि त्याचं दुसरं टोक माझ्याच पट्ट्याला बांधलेलं होतं.

"एवढंच लिही," मी एट्टय्याला म्हणालो. "टाकी साफ करायची राहून गेली."

जबाब वाचून दाखवला. शेवटचं वाक्य मी भरभर वाचलं. अण्णाच्चीने विचारलं, "मी आलो होतो ते लिहिलंय ना, सार?"

मी म्हणालो, "सगळं रेकॉर्डवर आहे."

त्याने सही केली. तीच मोठी सुटी अक्षरं. त्या संध्याकाळी मी त्याचा अर्ज ड्रॉवरमधून काढला. फाडणार होतो. फाडला नाही, घरी नेऊन टोपीच्या डब्यात तळाशी ठेवला. का, ते आजही नीट सांगता येत नाही. इमानदारीने ठेवला असं म्हणायची माझी लायकी नाही.

अण्णाच्चीला अटक झाली, जामीन झाला, आरोपपत्र गेलं. मालक करारपत्राच्या जोरावर सुटला. कोर्टाच्या तारखा चालू झाल्या. ज्याच्या पाण्याने माणूस मेला त्या प्लंबरला कोण घरात घेणार? त्याचं काम बंद पडलं. दर तारखेला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचा आणि मला बघून उठून नमस्कार करायचा. ते सर्वांत वाईट होतं. त्याला वाटत होतं, माझ्या रेकॉर्डवर सगळं आहे आणि एक दिवस मी ते काढीन.

इकडे वडिलांनी ग्राहक आयोगापुढे मालकाविरुद्ध दावा लावला. तिथे मला साक्षीला बोलावलं. त्यांच्या वकिलाने एकच नेमका प्रश्न विचारला.

"मजला बंद असताना टाकीपर्यंत जाऊ द्या म्हणून कोणी आपल्याकडे मागणी केली होती का?"

वडील पहिल्या रांगेत होते. मागे भिंतीला टेकून अण्णाच्ची उभा होता. प्रश्न इंग्रजीत होता, त्याला कळला नसावा, पण तो माझ्याकडे आशेने बघत होता.

"आठवत नाही," मी म्हणालो.

पोलिसाने साक्षीत हे शब्द वापरले की त्यांचा अर्थ वकिलांना, न्यायाधीशांना, सगळ्यांना कळतो. तरी ते लिहून घेतात आणि पुढे जातात. दावा फेटाळला गेला. मालकाने जाणकार माणूस नेमला होता, दोष त्या माणसाचा. वडिलांना त्यांचा सरकारी कागद मिळाला आणि त्यावर चुकीच्या माणसाची चूक होती.

पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली. घरी बसलो की दुपारी, कॉलनीतले लोक कामावर गेले की, मला कुठेतरी पाणी पडताना ऐकू यायचं. सगळे नळ तपासायचो. एकही गळत नसायचा.

दोन वर्षांनी वडिलांचा फोन आला. अपिलाच्या कामाने ते चेन्नईत आले होते आणि एकटेच त्या इमारतीत जाऊन आले होते. गेस्ट हाउस बंद पडलं होतं. वॉचमनने त्यांना वर सोडलं.

"साहेब, मी तीस वर्षं पोरांना पाइप शिकवले. आधी पाणी कुठून येतं ते बघायचं, मग कुठं अडतं ते बघायचं. गच्चीवर जायला एकच रस्ता आहे, त्या बोळातून. बरोबर?"

"बरोबर."

"खोल्यांच्या दारांवर काही खूण नाही. जिन्यावरच्या दाराच्या चौकटीला मात्र लाख चिकटलेली आहे. लाल. नखाने खरवडून बघितली. म्हणजे सील खोल्यांना नव्हतं, तिथं होतं. मग तो प्लंबर वर जाणार कसा?"

मी फोन कानाला धरून टोपीचा डबा खाली काढला.

"त्याने तुम्हाला मागितलं होतं का?"

आयोगात विचारलेला तोच प्रश्न. फक्त या वेळी मराठीत, आणि विचारणाऱ्याला माझा हुद्दा, माझं पेन्शन, कशाचंही काही पडलेलं नव्हतं.

"तीनदा," मी म्हणालो. "लिहूनही दिलं होतं. कागद माझ्याकडे आहे. आणि सील काढलं त्या दिवशी तो नळ सोडणार होता. मी त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. तुमच्या मुलाने आंघोळ केली तेव्हा तो माझ्या बाकावर बसला होता."

मला वाटलं शिव्या देतील. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्या दिवशी माझ्यापुढं पाणी ठेवलंत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"संशय होता. डॉक्टरांच्या फोननंतर खात्री झाली."

"उद्या कोर्टात चला," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वकिलाकडे जाऊन मी शपथपत्र केलं. अर्ज जोडला. फौजदारी कोर्टाने मला परत साक्षीला बोलावलं आणि मी सगळं सांगितलं. वर लिहिलंय त्याच क्रमाने, बाकावरच्या चार तासांसकट. एट्टय्याही निवृत्त झाला होता. त्याने येऊन दुजोरा दिला. बाहेर पडताना एवढंच म्हणाला, "सार, मी त्या दिवशीच लिहिणार होतो. तुम्ही थांबवलंत म्हणून मलाही बरं वाटलं होतं."

अण्णाच्ची निर्दोष सुटला. वडिलांच्या अपिलात आता मालकाबरोबर पोलीस खात्यालाही पक्षकार केलं आहे. माझ्यावर चौकशी लागली आहे. तिचं जे व्हायचं ते होईल. त्याबद्दल इथे तक्रार करायची नाही.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं विचारतात. तरुण अधिकाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. जागा सील करताना आत वीज, पाणी, गॅस काय काय आहे ते आधी लिहून काढा, आणि तिथे काम करणारा माणूस काही सांगायला आला तर त्याची नोंद करून पावती द्या. हे ऐकून ते मान डोलावतात, कारण हे नियमातलंच आहे. तिसरी गोष्ट मी सांगत नाही, ती इथे लिहितो. त्या मजल्यावर भूत आहे असं सगळे म्हणत होते तेव्हा मला मनातून बरं वाटायचं. भुताचा जबाब घेता येत नाही.

निकालानंतर मी अण्णाच्चीच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाहेर सामाईक नळ. त्याची बायको मला बघून आत निघून गेली ती बाहेर आलीच नाही. अण्णाच्चीने या वेळी नमस्कार केला नाही. खुर्ची दिली.

मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. तो ऐकत होता की नाही, कळलं नाही. माझं संपल्यावर तो उठला, बाहेरच्या नळाखाली बादली ठेवली आणि नळ सोडून उभा राहिला. चेन्नईत असं पाणी कोणी सोडत नाही.

"तहान लागली असेल तुम्हाला," तो म्हणाला. "थांबा. दुपारभर नळ बंद होता."

पाणी बादलीत पडत राहिलं. तोच आवाज. मी खुर्चीचे हात धरून बसलो. त्याने मधूनमधून धारेखाली बोटं धरून पाहिली. बादली अर्धी भरल्यावर ती उचलून दारातल्या मोगऱ्याला घातली, मग पेला विसळला, भरला आणि माझ्या हातात दिला. पाणी गार होतं, त्याला कसलाही वास नव्हता.

"एवढंच होतं, सार," अण्णाच्ची म्हणाला. "त्या दिवशी एवढंच करायचं होतं."